रिठदची बोहारीण
आज तुरीच्या डाळीसाठी स्टीलचा डबा उघडला आणि ती बोहारीण आठवली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ती बाई दरवर्षी आमच्या गावी, रिठदला यायची. ती शेवटची आली, त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एकच मजकूर फिरत होता : 'रिठदमध्ये लेकरं पळवणाऱ्या बाया शिरल्या आहेत, बोचक्यात घालून नेतात.' माझ्या अंगणात पाऊण तास घासाघीस करून, हा डबा देऊन ती गेली, आणि थोड्याच वेळात पारावरून आरडाओरडा ऐकू आला. मी धावत गेले. भर उन्हात तिला घेरलं होतं, लुगडं खांद्यावर फाटलं होतं, बोचकं धुळीत उलटं केलं होतं. माझा दीर एक लाल फ्रॉक उंच धरून ओरडत होता, "हे पाहा, लेकराचे कपडे! बोल, पोरगी कुठं हाय?" माझं डोकंच फिरलं. मी फ्रॉक हिसकावला. "तुमच्याच पुतणीचा हाय हा! आत्ताच देला मी तिले!" गर्दी पांगली, एकानंही तिचे कपडे उचलून दिले नाहीत. "वहिनी, मी तं फक्त मेसेज पुढं पाठोला," दीर म्हणाला. "लोकायले खरं वाटावं म्हणून आपल्या गावाचं नाव टाकलं." ती पुन्हा कधी आली नाही. आज डाळ काढून डबा लावला, तोच मोबाइल वाजला. घरच्या ग्रुपवर दिरानं तोच मजकूर टाकला होता, गावाचं नाव तेवढं आता शेलूबाजार होतं. मी खाली लिहिलं, 'भाऊजी, लाल फ्रॉक कोणाचा व्हता, तेबी लिवा यात.'