चार कोपऱ्यांची तपासणी

निवृत्तीनंतर आमच्या कॉलनीतल्या बायका भजनी मंडळात जातात. मी गाड्या पळवते.

खऱ्या नव्हे, कॉम्प्युटरवरच्या. माझ्या लेकीनं, केतकीनं, एकदा गंमत म्हणून माझ्या हातात तिच्या गेमचं स्टिअरिंग दिलं आणि आठवड्याभरात तिलाच तिच्या कॉम्प्युटरवर बसायला माझी परवानगी लागायला लागली. शेवटी मी माझा वेगळा कॉम्प्युटर घेतला आणि त्याला शोभेल असा भलामोठा गेमिंग मॉनिटर मागवला.

"साठीला टेकलेल्या बाईला एवढा मोठा कशाला?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"साठीला टेकले म्हणूनच मोठा!" मी म्हटलं. ते पुन्हा पेपरात शिरले.

मॉनिटर सोमवारी आला. मंगळवारी डावीकडचा चहाचा कप घ्यायला अर्धवट उठतानाच मी एका बोगद्यात शिरले (गेममधल्या) आणि माझ्या लक्षात आलं की बोगद्यातला अंधार सगळीकडे सारखा नाही. खाली उजव्या कोपऱ्यात पिवळट उजेड, जणू तिथं कुणी समई लावून ठेवली आहे! मी गाडी थेट भिंतीवर नेऊन आदळली. ती त्या उजेडामुळेच आदळली, असं माझं आजही ठाम म्हणणं आहे.

आता इथं मला माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. सातपूरच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. मोटारींचे सुटे भाग तपासायचे. माझ्या टेबलावरून सदोष माल पुढं गेला, असं एकदाही झालं नाही. मी लांबून येताना दिसले की अख्खी लाइन घाईघाईनं मशीन पुसायला लागायची. आमचा नियम साधा होता : दोष दिसला की त्याच्याभोवती लाल मार्करनं गोल काढायचा, आत नंबर टाकायचा आणि शेजारी सही. अशा बाईच्या घरात, तिच्याच पैशानं घेतलेला, कोपऱ्यात समई लावलेला मॉनिटर! हे मी खपवून घेईन?

"आई, सगळ्याच स्क्रीनला थोडं असतं गं ते," केतकी म्हणाली. "काचेच्या मागे दिवे असतात. त्यांचा उजेड कडेनं जरासा झिरपतो."

"जरासा म्हणजे किती? मिलिमीटरमध्ये सांग."

"मिलिमीटरमध्ये नसतं सांगता येत!"

"मग ते जरासं नाही. तो दोष आहे."

"स्क्रीनला काही झालेलं नाही," हे पेपराच्या आडून म्हणाले. "तू डोळे तपासून घे. वर्षभर सांगतोय."

झालं! माणसानं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत, माझ्या माहेराला ठेवावीत (ठेवतातच), पण माझ्या नजरेला? मी तिथल्या तिथं फोन फिरवला आणि तक्रार नोंदवली. कंपनीचा माणूस शनिवारी चार वाजता येणार होता. मॉनिटर बदलून मिळण्याचा तोच शेवटचा दिवस. त्याला दोष पटला तर नवा कोरा मॉनिटर, नाही पटला तर हाच गळ्यात! आम्हा नवराबायकोत पैजही लागली. दोष निघाला, तर ह्यांनी जन्मात माझ्या गेमला नावं ठेवायची नाहीत. नाही निघाला, तर मी मुकाट्यानं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

शनिवारी जेवणं आटोपल्यावर मी तपासणी लावली. माणूस येण्याआधी पुरावा तयार हवा. केतकी म्हणाली, पूर्ण काळं चित्र लावायचं आणि खोलीत मिट्ट अंधार करायचा, म्हणजे उजेड कुठून गळतोय ते कळतं. आता भर दुपारी, आमच्या पश्चिमेकडच्या खोलीत मिट्ट अंधार आणायचा कुठून? पण मी हटणारी नव्हे. एका खिडकीला दोन गोधड्या लावल्या. दुसऱ्या खिडकीला दिंडोरीच्या दिरांनी द्राक्षांसोबत पाठवलेली ताडपत्री ठोकली. दाराच्या फटीत सतरंजी कोंबली. पंखा लावला की गोधड्या उडायच्या, म्हणून पंखा बंद. पाच मिनिटांत आतमध्ये आमचे मोदक व्हायची वेळ आली!

तपासणी मंडळात हे होतेच. ते द्राक्षबागेत वाढलेले. घडातला एक फिकट मणी आपल्याला बांधावरून दिसतो, असं ते लग्न झाल्यापासून सांगत आले आहेत. शिवाय ह्यांच्या थोरल्या बहीण, आमच्या वन्सं, येवल्याहून चार दिवस राहायला आल्या होत्या. त्यांच्या सासरी पैठणीचे माग. पैठणी उजेडासमोर धरून जरीचा एखादा तुटका धागा शोधायचा, यात त्यांची हयात गेलेली. थोडक्यात, त्या काळोखात नाशिक जिल्ह्यातल्या तीन नामांकित नजरा एकाच मॉनिटरवर लागल्या होत्या.

केतकीनं काळं चित्र लावलं.

"हा बघा!" मी डावीकडे उभी होते. "खाली, उजव्या कोपऱ्यात!"

"कुठं?" हे डावीकडेच, पण पलंगावर बसले होते. "खाली काही नाही. वर उजवीकडे आहे. चांगलं ढळढळीत आहे की!"

"वर? वर काळंकुट्ट आहे!"

"अगं बाई, तुम्ही दोघंबी आंधळे हाय का?" उजवीकडे उभ्या असलेल्या वन्सं म्हणाल्या. "उजेड खाली डाव्या अंगाला फुटलाय. लय फुटलाय! अशी पैठणी आली असती तर मी दारातूनच परत धाडली असती."

"वन्सं, डावीकडे काही नाहीये."

"मी काय आज बघायला लागले का?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारच्या मंदाकाकू! आमच्या खिडक्या गोधड्यांनी झाकलेल्या बघून त्या धावत आल्या होत्या.

"ग्रहण आहे का गं आज?" त्यांनी घाबरून विचारलं. "मी तर आत्ताच जेवले!"

त्यांना आत ओढलं, उजवीकडच्या वेताच्या मोड्यावर बसवलं आणि समोर बघा म्हटलं. अंधारात घटकाभर बघून मंदाकाकू म्हणाल्या, "वर डावीकडे काहीतरी चमकतंय. तिथूनच सुटतंय का ग्रहण?"

चार माणसं आणि चार कोपरे! शब्दाला शब्द वाढला. वन्संनी ह्यांच्या बागेचा उद्धार केला, ह्यांनी वन्संच्या मागाचा. मंदाकाकू ग्रहण नसल्याची दोनदा खात्री करून घेऊन वर डावीकडेच ठाम राहिल्या. हे म्हणाले, मतदान घेऊ. केतकी म्हणाली, "आई, एक मिनिट, तुम्ही जागा बदलून बघा ना..." पण तिचं ऐकतो कोण!

"दोषाचं मतदान होत नसतं," मी कडाडले. "दिसला, की खूण!"

मी ड्रॉवरमधून मार्कर काढला. (निरोपसमारंभात मला शाल आणि श्रीफळ मिळालं. मार्कर मी स्वतःहून घेतला.) अंधारात चाचपडत, ज्याचा त्याचा कोपरा ज्याला त्याला विचारत, मी चारही कोपऱ्यांत एकेक गोल काढला, आत एक ते चार नंबर टाकले आणि प्रत्येक गोलाशेजारी सही केली. तीस वर्षांचा हात तो! अंधारातही वळण बिघडलं नाही.

मग केतकीनं दिवा लावला आणि किंचाळली.

"आई! हा पर्मनंट मार्कर आहे!"

"मग? पुसता येणारा वापरला, तर कुणीही पुसेल ना!"

"पण स्क्रीनवर?"

"दोष जिथं, खूण तिथं."

ह्यांनी हळूच रुमालाचं टोक ओलं करून एक नंबरचा गोल चोळून पाहिला. गोल जसाच्या तसा, रुमाल तेवढा गुलाबी. "माझं तिथं नाव लिहिलं नाहीस ना?" त्यांनी विचारलं. वन्सं मात्र खूश होत्या. "येवल्यात आम्ही पण दोरा बांधतो खराब जागेला," त्या म्हणाल्या. मला धीर आला. (दोरा सोडता येतो, हे तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.)

चारच्या ठोक्याला कंपनीचा माणूस आला. पंचविशीचा, पाठीला बॅग, बोलायला अगदी नम्र. मॉनिटरकडे बघून त्यानं आधी डोळे मिटले, मग उघडले.

"काकू, घरात लहान मुलं आहेत का?"

"नाहीत. हे मी केलंय. मी इन्स्पेक्टर होते."

"पोलिसात?" तो एक पाऊल मागे सरकला.

"क्वालिटीत!"

बिचाऱ्यानं पुढं वाद घातला नाही. पुन्हा अंधार करायला लावला, काळं चित्र लावलं आणि आम्हाला आपापल्या जागी जायला सांगितलं. सगळ्यांना आपापले कोपरे दिसले. मग तो वन्संकडे हात करून म्हणाला, "काका, तुम्ही ह्या ताईंच्या जागी या. ताई, तुम्ही पलंगावर बसा. काकू, तुम्ही मोड्यावर. आणि ह्या काकूंनी तुमच्या जागी उभं राहायचं."

आम्ही जागा बदलल्या. मी मोड्यावर बसले होते आणि मंदाकाकूंचं ग्रहण वर डावीकडे लख्ख चमकत होतं. खाली उजवीकडे, माझ्या कोपऱ्यात, नुसता काळोख.

"हा पॅनेलचा स्वभाव आहे," तो माणूस म्हणाला. "ज्या बाजूनं बघाल, तिच्या समोरचा, लांबचा कोपरा उजळ दिसतो. उभं राहिलं की खालचा, बसलं की वरचा. मधोमध बसून बघितलं तर एवढा जाणवत नाही. याला दोष म्हणत नाहीत."

"सोमवारी डॉक्टर!" हे अंधारात जवळजवळ गायलेच.

तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं. डोळ्यांच्या डॉक्टरचं काही नाही. पण तीस वर्षं ज्या नजरेच्या जिवावर मान ताठ ठेवली, ती मोड्यावर बसल्याबरोबर बदलते? पण मी हार मानून उठणार, इतक्यात त्या माणसानं जाता जाता पडद्यावर एक नुसतं राखाडी चित्र लावलं. आणि तो थबकला.

"अरे! हा मात्र खरा दोष आहे."

पडद्याच्या बरोबर मधोमध, तळहाताएवढा एक मळकट ढग होता. त्या जागचे मागचे दिवेच मंद लागत होते. काळ्या चित्रावर तो दिसणं शक्य नव्हतं. आणि एरवी खेळताना तिथं माझी गाडी असते, त्यामुळे आठवडाभर मी बरोबर त्याच्यावर बसून होते!

"बघा!" मी उडीच मारली. "दोष आहे म्हणाले होते की नाही? बदला आता मॉनिटर!"

"बदलून दिला असता, काकू. हा दोष आमच्या नियमात चोख बसतो. लगेच नवा दिला असता."

"असता म्हणजे?"

त्यानं चारही कोपऱ्यांकडे बोट केलं. "पडद्यावर ग्राहकाच्या हातून काही झालं असेल तर बदलता येत नाही."

"पण खुणा केल्या नाहीत तर दोष कुठं आहे ते कळणार कसं?" मी भांडायच्या पवित्र्यात उभी राहिले.

"काकू," तो फार आदरानं म्हणाला, "जिथं खूण आहे तिथं दोष नाही. आणि जिथं दोष आहे तिथं खूण नाही."

वन्संनी तोंडाला पदर लावला. मंदाकाकूंना अचानक गॅसवरचं दूध आठवलं. हे तर पुन्हा पलंग गाठून आडवे होऊन हसत होते. मी त्यांच्याकडे वळले.

"हसताय काय? पैज मी जिंकले. दोष निघाला!"

"पण तुला कुठं दिसला?"

"पैज दोष आहे की नाही यावर होती. कुणाला दिसतो यावर नव्हती. आजपासून माझ्या गेमला एक शब्द बोलायचं नाही!"

त्यांचं हसू तिथंच आटलं. मुद्दा बिनतोड होता. नवा मॉनिटर गेला तो गेला, पण मी मान खाली घातली नाही. केतकीनं स्पिरिटनं पुसून बघू का विचारलं, तेव्हाही मी नाही म्हटलं. इन्स्पेक्टर आपली खूण आपण पुसत नाही. चुकीच्या जागी असली तरी नाही!

तोवर त्या माणसानं कागद भरून माझ्यासमोर सहीला ठेवला होता. कारणाच्या रकान्यात त्यानं सुबक अक्षरात लिहिलं होतं : "ग्राहकाने केलेल्या तपासणीमुळे मॉनिटरचे नुकसान." मी ते दोनदा वाचलं. वाक्य अपुरं होतं. मी त्याच्या हातातून पेन घेतलं, "केलेल्या"च्या आधी "कसून" हा शब्द घातला आणि मगच सही केली.