आबांचं हिरवं पेन

आमच्या निमगाव केतकीच्या घरात खंडेनवमीला पाटावर खुरपी, विळे, डाळिंबं छाटायच्या कात्र्या मांडतात आणि मधोमध आजोबांचं हिरवं पेन. आजोबांना सगळे आबा म्हणत. पेन त्यांच्या हयातीतच बंद पडलं होतं. तरी दरवर्षी त्याला हळदीकुंकू फासायचं आणि हात जोडायचे! मला संताप यायचा, पण बोलायची हिंमत नव्हती. ती मुक्ताआत्याकडे होती.

मुक्ताआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. बारामतीला एसटी स्टँडच्या मागे तिचं पेनदुरुस्तीचं दुकान आहे. नवरा गेल्यावर सगळ्यांनी दुकान विकायचा सल्ला दिला. तिने पाटीवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं.

यंदा तिने पूजेआधीच पाटावरचं पेन उचललं.

"अक्का, ठेव ते. मेलंय," वडील म्हणाले. "मान फिरवून फिरवून माझं हात दुखलं. उघडतच न्हाय."

आमच्याकडे पेन म्हणजे निबेकडची मान फिरवून उघडायचं आणि ड्रॉपरने शाई ओतायची, एवढंच ठाऊक.

"तुझ्या हातनं मोडलं न्हाय, हे नशीब," आत्या म्हणाली. तिने पेनच्या कुशीवर बोट फिरवलं. तिथे काही पेनांना असते तशी शाई ओढायची पट्टी नव्हती. मग शेपटाकडची बारीकशी टोपी फिरवली. खाली पितळी बटण निघालं. "हे दाबलं की आतली रबरी पिशवी दबती, सोडलं की शाई वढती." तिने पेन कानाशी हलवलं. आत खुळखुळ वाजलं. "पिशवी वाळून कडक झालीया. बाकी ठणठणीत हाय."

"आबांची आठवण हाय ती. पूजेची वस्तू."

"माझी बी आठवण हाय, मानसिंग. सातवीला पहिली आले, आन् ह्याच पेनानं आबांनी माझं नाव शाळेतनं काढायचा अर्ज लिव्हला. मी समोर हुबी व्हते. आज ह्यानं माझं नाव लिवणार. मग काय पुजायचं ते पुजा."

वडील पाटापासून मागे सरकले. मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

आत्याने माझा हेअर ड्रायर मागितला. मानेला जरा ऊब देऊन ती हलक्या हाताने सरळ ओढली. वाळक्या रबराचे तुकडे झटकले आणि दुकानातून आणलेली नवी रबरी पिशवी लाखेने चिकटवली. लाख वाळेपर्यंत पूजा खोळंबली, नैवेद्याच्या पोळ्या गार झाल्या.

मग तिने निब शाईत बुडवून बटण दाबलं. बुडबुडे आले. बोट काढलं आणि जरा वेळाने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला ठळक, निळं माहेरचं नाव लिहिलं: मुक्ता म्हस्कू भोंग, इयत्ता आठवी.

"झालं ना अक्का?" वडील हळूच म्हणाले. "आता ठेव पाटावर."

"थांब," आत्या मान वर न करता म्हणाली. "अजून नववी, दहावी ऱ्हायलीया."