ओठांनी दाखवलेलं मीठ

आमच्या नंदाइमे गावच्या बसथांब्यावर दोन्या एर्मेलिंदा, म्हणजे एर्मेलिंदाबाई, विगोरोन विकते: केळीच्या पानावर उकडलेला कसाव्याचा कंद, त्यावर डुकराची कुरकुरीत चामडी आणि कोबी. शेजारी माझी सरबताची गाडी. आम्ही दोघी दिवसाकाठी जेमतेम दहा वाक्यं बोलतो. हात कामात, म्हणून सगळं ओठांनी दाखवायचं. ओठ जरासे पुढे काढले की कळतं: ते गिऱ्हाईक बघ, ते लिंबू दे, आली बघ नटवी. या गावात तान्ह्या पोरालाही हे कळतं.

तिचा एकुलता एक मुलगा नोर्लान सतरा वर्षांपूर्वी कॅनडात गेला. यंदा दहा दिवसांसाठी आला. तो कायमचा राहावा म्हणून हिनं मागची खोली रंगवून घेतली होती.

"उद्याच विचारते," मला म्हणाली. नुसती फुलली होती.

दुसऱ्या दिवशी तो मदतीला तिच्या गाडीवर आला. हिचे हात कोबीत बुडालेले, समोर रांग. हिनं मिठाकडे ओठ काढले.

"काय गं आई?"

हिनं पुन्हा काढले.

"दात दुखतोय का तुझा? दवाखान्यात जाऊ या?"

रांग खो खो हसली. मीही हसले, मेली मी. तीही हसली. मग हात पुसले, वळसा घालून गेली आणि मीठ स्वतः घेऊन आली.

त्या दिवशी तिनं विचारलं नाही. नंतरही नाही. नवव्या दिवशी मी भडकलेच.

"अगं, तोंड उघड की! विचारल्याशिवाय त्याला कसं कळणार?"

"तेच तर," ती म्हणाली. "माझ्या मनातलं त्याला आता सांगावं लागतं. तो राहील गं, माझी दया येऊन राहील. आणि रोज माझ्या तोंडाकडे बघत बसेल."

मी परत लिंबं पिळायला लागले.

दहाव्या दिवशी तो बॅग घेऊन थांब्यावर आला; परतीचं विमान मानाग्वाहून होतं. तीन बसगाड्या उभ्या होत्या.

"आई, मानाग्वाची कुठली?"

एर्मेलिंदानं हात धुतला, कोरडा केला, बोट लांब केलं आणि एकेक शब्द सावकाश, मोठ्यानं म्हणाली, "ती. निळी. बस." परदेशी पाहुण्यांना आम्ही सांगतो, अगदी तसं.

"थँक यू, आई," तो म्हणाला आणि निघाला.