चाळीस गोळ्यांचा तक्ता

आधीच सांगून टाकतो, मी आयुष्यात एक उंदीरसुद्धा मारलेला नाही. कुवेतमधल्या खैतान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये झुरळ निघालं की चप्पल बायको उचलते आणि मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसतो. असा हा शूरवीर गेल्या उन्हाळ्यात दोन महिने एकाच गोष्टीने झपाटला होता: घोड्याएवढं हरीण एका गोळीत पाडायचं, तर ती गोळी कुठली असावी?

घोड्याएवढं हरीण म्हणजे एल्क. अमेरिकेतल्या डोंगरांत असतो, आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. तो पाडायचा होता आमच्या मुदीरना. मुदीर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, साठीला आलेला धिप्पाड कुवेती माणूस. धंदा टाइल्सचा आणि नळाच्या सामानाचा, शौक शिकारीचा. बंदूक, परवाना, सगळं रीतसर. मी त्यांच्याकडे परचेसला आहे, अकरा वर्षं झाली. कोटेशनं मागवायची, एकाखाली एक मांडायची, तक्ता करायचा आणि कुठला माल घ्यायचा ते सांगायचं, हे माझं काम. त्यांची हिंदी झक्कास आहे, म्हणून आमचं सगळं बोलणं हिंदीत चालतं.

एकदा साइटवरून परतताना गाडीत त्यांनी मला आदल्या वर्षीची गोष्ट सांगितली. त्याच डोंगरात त्यांनी एका हरणावर गोळी झाडली होती. लागली होती, कारण गवतावर रक्ताचे थेंब सापडले. हरीण सापडलं नाही. संध्याकाळपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधलं, काही नाही. मी सहज विचारलं, पळालं कुठल्या बाजूला? ते म्हणाले, तेच तर दिसलं नाही, बार झाला आणि पाहतो तर जागा रिकामी.

"एक जीव मी तडफडत ठेवला आणि घरी येऊन जेवलो," ते म्हणाले. "या वेळी पुन्हा असं झालं तर सगळ्या बंदुका देऊन टाकीन. परत हात लावणार नाही."

त्यांच्या सलवा भागातल्या घरच्या दिवाणियात, म्हणजे त्यांच्या मित्रमंडळींच्या बैठकीच्या खोलीत, शिकारीचा विषय निघाला की ते हल्ली उठून चहा बघायला जात, हेही माझ्या लक्षात आलं होतं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि तेवढ्यात त्यांनी ते काम माझ्याच गळ्यात घातलं.

झालं असं, की अमेरिकेतले त्यांचे यजमान, एक म्हातारे गुराखी, आपली काडतुसं घरी स्वतःच्या हाताने भरतात. पितळी पुंगळी, बुडाशी ठिणगीची केप, आत मोजून दारू आणि तोंडाशी गोळी. त्यांनी ईमेल केला होता: माझ्या बंदुकांपैकी कुठली हवी, गोळी कुठली, दारू किती, ते कळवा, मी पाहुण्यासाठी काडतुसं भरून ठेवतो. मुदीरनी तो ईमेल मला पाठवला आणि म्हणाले, तू बघ, तक्ते करण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

बस्स! आगीत तेल. मी त्या दिवसापासून माणसात राहिलो नाही. गोळी म्हणजे शिशाचा तुकडा एवढंच मला माहीत होतं, आणि इथे तर अख्खं शास्त्र निघालं. कुठली गोळी आत शिरताच फुटून विखरते. ती लहान हरणाला पुरे, पण एल्कच्या खांद्याच्या हाडावर तिचा भुगा होतो. कुठल्या गोळीत तांब्याचं कवच आणि आतलं शिसं एकमेकांना असं घट्ट जोडलेलं, की हाड फोडूनही ती एकसंध राहते, फक्त तोंडाशी आळंब्यासारखी फुलते. कुठली निव्वळ तांब्याची. कुठलीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी. हलकी घेतली तर वेग जास्त, जड घेतली तर खोल जाते. मी जेवताना वाचत होतो, लिफ्टमध्ये वाचत होतो, जुम्याच्या नमाजाला जाताना वाटेत वाचत होतो. बायको म्हणाली, एवढा अभ्यास बारावीला केला असता तर आज डॉक्टर असता तुम्ही. मुलीने माझ्या फोनमधले गोळ्यांचे उभे कापलेले फोटो पाहिले आणि इंग्रजीत म्हणाली, पप्पा, धिस इज नॉट नॉर्मल.

शेवटी तक्ता झाला. चाळीस गोळ्या, अकरा रकाने, हिरवा-पिवळा-करडा रंग. पहिला नंबर आला एका जाडजूड जोडगोळीचा: सगळ्यात मोठी मॅग्नम, म्हणजे जबर बाराची बंदूक, एकशेऐंशी ग्रेन वजनाची जोडलेली गोळी, आणि दारू ठासून, जेवढी बसते तेवढी. एल्क काय, डोंगर पडेल! मुदीर स्वतः इथे मॅग्नमच चालवत, त्यामुळे तेही खूश. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी दिवसभर हवेत होतो.

त्या हवेतच मी शुक्रवारी गावी बावांना व्हिडिओ कॉल लावला. बावा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीकडे खाडीकाठी आमचं घर, आणि बावांकडे शेतीच्या राखणीची ठासणीची बंदूक होती. भाताला डुकरं यायची, ती पळवायला. गावात कोणालाही बंदूक शिकायची तर तो बावांकडे यायचा. आता डोळे साथ देत नाहीत, बंदूक त्यांनी सरकारजमा केली, आणि घरात त्यांना विचारतो कोण? मीही सल्ला विचारायला फोन केला नव्हता, बढाई मारायला केला होता.

बावांनी चाळीस गोळ्या ऐकून घेतल्या. मध्ये एकदा पान जुळवलं. मग मुदीरच्या त्या हरवलेल्या हरणाची गोष्ट पुन्हा सांग म्हणाले. मी सांगितली.

"पलाला कुठं, ते त्यानं बघितला नाय?" बावांनी विचारलं. आमच्या बोलीत डोळ्याचा डोला होतो आणि गोळीची गोली.

नाही बघितला, मी म्हटलं.

"मग गोलीचं काय घेऊन बसलास, बाला? चाप ओढताना तो डोले मिटतंय."

मी चिडलोच. दोन महिन्यांची मेहनत, आणि हे ओसरीवर बसून निकाल देणार! मी म्हटलं, बावा, तो माणूस तीस वर्षं शिकार करतोय. ते म्हणाले, तीस वर्षं मिटत असेल. मोठ्या बाराचा धक्का खांद्याला बसतो, कानाला बसतो. माणूस घाबरत नाही, पण अंग घाबरतं. बार होण्याआधीच अंग आखडतं, नळी खाली जाते. आणि त्याला स्वतःला ते कधीच कळत नाही, कारण बार झाल्यावर बंदूक हलतेच. मग त्यांनी त्यांची जुनी युक्ती सांगितली. शिकायला आलेल्याला न सांगता केप बसवायची, पण आत बार भरायचाच नाही. चाप ओढला, नुसता टिचकन आवाज झाला, आणि तरी नळी हलली, तर चोर सापडला.

मी फोन ठेवला आणि शनिवारी मुदीरबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेलो, बावांना खोटं पाडायला. कागदावर भोकं विखुरलेली होती, बरीचशी खाली. मुदीर म्हणाले, ही गोळीच खराब आहे. त्यांचे डोळे मिटतात का ते मी बघणार होतो, पण बघणार कसा? बार झाला की माझेच मिटायचे.

पुढचा आठवडा मला चैन पडेना. सांगावं तर मालकाला भित्रा म्हटल्यासारखं होतं, आणि माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्यांच्या हातात. न सांगावं तर अजून एक जनावर पोटात गोळी घेऊन मरायला जाणार आणि हा भला माणूस स्वतःच्याच मनातून कायमचा उतरणार. बायको म्हणाली, उगाच हात दाखवून अवलक्षण करू नका. मी म्हटलं, बरं. आणि पुढच्या शनिवारी तेच केलं.

मैदानावरच्या म्हाताऱ्या सुदानी उस्तादांकडे नकली काडतुसं असतात, आत काही नसलेली. मी त्यांना विनंती केली. मुदीरना म्हटलं, माझ्या वडिलांची एक पद्धत आहे, पाच बार उस्ताद भरून देतील, तुम्ही बघू नका. ते हसून हो म्हणाले. त्या दिवशी त्यांचे दिवाणियातले दोन मित्र सोबत आले होते, आणि खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मला धीर कुठला! पहिला बार झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला टिच् एवढाच आवाज आला. आणि नळी वीतभर खाली गेली, खांदा उडाला, डोळे गच्च मिटलेले. सगळं शांत असताना तो धिप्पाड माणूस कशाने तरी दचकलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला.

एक मित्र फस्सकन हसला. मुदीरनी डोळे उघडले, बंदुकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बंदूक उस्तादांच्या हातात दिली आणि निघून गेले. मी टॅक्सी करून घरी आलो आणि बायकोला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, मुलीची परीक्षा कधी संपते?

रविवारी ऑफिसात बोलावणं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मी बावांवर मनातल्या मनात इतका चडफडलो की काय सांगू. बुधवारी शिपाई आला, मुदीर बोलावतायत. मी कुराणातल्या आठवतील त्या आयती पुटपुटत आत गेलो.

त्यांच्या टेबलावर माझा तक्ता पसरलेला होता आणि त्यावर एक नकली काडतूस उभं. ते रोज दुपारी एकटे मैदानावर जात होते, उस्तादांकडून तसंच भरून घेत होते. म्हणाले, काल दहातल्या चार वेळा मिटले. परवा आठ वेळा मिटत होते. मग विचारलं, "तुझे वडील अजून काय म्हणाले?"

मला तर त्यांना मिठी मारावीशी वाटली! मी सांगितलं, की फोन ठेवता ठेवता बावा म्हणाले होते, लहान बंदूक, हलका बार, आणि जनावराच्या जवळ जायचं. आम्ही दोघं तक्त्यावर वाकलो आणि खाली खाली जात जात करड्या रंगात मी टाकाऊ ठरवलेली ओळ सापडली: सात मिलिमीटरची साधी बंदूक, एकशेचाळीस ग्रेनची तीच जोडलेली गोळी, दारू मध्यम. अठ्ठाविसावा नंबर. तसा ईमेल लिहिला. यजमानांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. लिहिलं होतं, गेल्या वर्षी मला हेच सांगायचं होतं, पण पाहुण्याला कसं सांगणार?

मुदीर ऑगस्टभर सराव करत राहिले. उस्ताद म्हणाले, आता टिच् झालं तरी नळी दगडासारखी. सप्टेंबरच्या शेवटी ते गेले, आणि बारा दिवस मला जेवण गोड लागलं नाही. फोन नाही, मेसेज नाही. गावाहून मात्र रोज फोन, बावांचा, जे एरवी ईदेला करतात. काय कळला काय? नाय, बावा.

परत आले त्या सकाळी मुदीर थेट माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी मला आत नेलं, दार लावलं आणि म्हणाले, वडिलांना फोन लाव. पडद्यावर बावांचं फक्त कपाळ आणि एक कान आला. फोन त्यांना नीट धरता येत नाही. मुदीरनी खिशातून गोळी काढली. आळंब्यासारखी फुललेली, एकसंध, तक्त्यात लिहिली होती अगदी तशी! मी उड्या मारायच्या बेतात. ती कॅमेऱ्यासमोर धरून ते मला म्हणाले, दाखव त्यांना, बिस्मिल्ला म्हणून एकच झाडली.

बावांना ती दिसली की नाही कोण जाणे. त्यांनी गोळीचं नावच काढलं नाही.

"त्याला विचार, डोले उघडे होते काय?"

मी हिंदीत विचारलं. मुदीरनी गोळी टेबलावर ठेवली. साठीचा माणूस, आणि त्यांचे डोळे भरून आलेले मला स्वच्छ दिसले.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "मी त्याला पडताना पाहिलं."