कपाला कप न म्हणणारी पोर

मांजींमुळं माझी पोर माझ्याजवळ राहिली. मांजी म्हणजे आमच्या घरमालकीण, जुन्या जालन्यातल्या मारवाडी. सगळे भाडेकरू त्यांना मांजीच म्हणायचे. हे आधीच लिहून टाकते. माझी शाळा तिसरीत सुटली, पुढं सांगताना मुद्द्याचंच राहून जाईल अशी धास्ती वाटते.

नवऱ्याच्या नोकरीपायी धावडा हे आमचं गाव सोडून जालन्यात आले. माहेरी जायला दोन मोटारी बदलाव्या लागत. मला ते मुलखापलीकडं वाटायचं. पोरीला चौथं लागलं होतं. वरच्या मजल्यावर एका कारकुनाचं बिऱ्हाड होतं. त्यांची बायको मॅट्रिक, मुलगा आमच्या पोरीएवढाच. पाहुणा आला की बाळाला उभं करायचं, गाणं म्हणवायचं, मग शाब्बास. बाळ पाणी प्यालं तरी शाब्बास. आमच्या गावात दिवसभर नांगर ओढलेल्या बैलालासुद्धा एवढी शाब्बासकी मिळत नव्हती.

एकदा त्या बाईंनी पोरीपुढं कप धरला. "सांग बरं, हे काय आहे?" पोर गप. कपाकडं बघे, बाईंकडं बघे. आमच्याकडं ज्याला जे ठाऊक नसतं तेच तो विचारतो. कप हातात धरून हे काय म्हणणारं मोठं माणूस तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिला बाईंची कीव आली असणार. बाईंनी मात्र आमच्या ह्यांना ऐकवलं, "मुलगी मंद आहे हो. बालमंदिरात टिकायची नाही."

मॅट्रिकचं बोलणं ह्यांना वेदासारखं. म्हणाले, "दिवाळी झाली की तिला गावाकडं ठेवून येऊ. शेळ्या तरी राखील." दुसऱ्या दिवशी मी ते सगळं मांजींच्या कानावर घातलं.

तेव्हा मांजींच्या अंगणात मुगाचे पापड चालू होते. पोर रोज गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत बसायची. तिला कुणी काही सांगत नव्हतं, हटकतही नव्हतं. एक दिवस मांजी पाणी प्यायला उठल्या, तर पोर पाटापुढं सरकली. बोटाला तेल घेतलं, लाटी चपटी केली, कडेकडेनं लाटत नेली आणि बाजेवरच्या धोतरावर पसरली. वाकडा झाला, पण पातळ.

वरच्या बाई तिथंच उभ्या होत्या, त्यांनी लगेच बाळाला पाटाशी बसवलं. "असं धर. हां. आता फिरव. शाब्बास." बाळ आईच्या तोंडाकडं बघून लाटणं फिरवत होतं. लाटी लाटण्याला गुंडाळली, शाब्बास काही थांबेना.

पाणी पिऊन आलेल्या मांजी म्हणाल्या, "बाई, त्याला जरा पापड बघू द्या. तुमचं तोंड त्यानं बराबर पाठ केलंय."

तेवढ्यात हे कामावरून आले. मांजींनी तो वाकडा पापड त्यांच्यापुढं धरला. "भाऊ, हिला कुणी शिकवलं न्हाई. बघून राह्यली होती. ही मंद, तर मंग मी बी मंद. माझ्या सासूनं मला एक अक्षर सांगितलं नव्हतं. पोर कुठं बी जायची न्हाई."

घरमालकिणीचा शब्द मोडायचा कसा? "राहू द्या मग," म्हणाले.

पोर राहिली. ह्यांचं मन परत फिरेल ही भीती मला अजून सोडत नाही. मांजींचे गुडघे आता धरलेत. उद्या त्या अंथरुणाला खिळल्या तर त्यांचं न्हाणंधुणं मी करीन. त्यांना सुना असल्या तरी मीच करीन.