माझ्या कादंबरीची अर्पणपत्रिका

मंडळी, आज माझी चांगलीच फजिती झाली.

ज्यांची पुस्तकं वाचून मी लिहायला लागलो, त्या लेखकाच्या 'स्मृतीस' मी माझी पहिली कादंबरी अर्पण केली होती. वीस वर्षांत त्यांचं नवं पुस्तक नाही, कुठे नावही नाही. गेले असणार, असं मीच ठरवून टाकलं.

आज दुपारी फोन आला. "गणेशपुरीवरून बोलतोय. कादंबरी झकास हाय. पण बाबा, मी अजून हाय!"

कशीबशी माफी मागितली.

ते हसले. "अरे, लिहिणं थांबलं तेव्हाच सगळे मला पोचवून मोकळे झाले. तू निदान नाव तरी छापलंस."

मी राहतो त्या भिवंडीहून गणेशपुरीला थेट एसटी जाते. मी एकदाही चौकशी केली नाही.

तुम्हीही असं कुणाला परस्पर मारून टाकलंय का?