लाल पाटा

डावीकडे कललेली माझी पिकअप गॅरेजात नेली, तेव्हा बबनही स्वतःची पिकअप घेऊन मदतीला आला. जिवाभावाचा मित्र!

मेकॅनिक खालून ओरडला, "शेठ, स्प्रिंगचा एक पाटा तुटलेला नाही, कुणीतरी काढून नेलाय!"

"कोण हरामखोर तो?" बबन गरजला. टाळ्या वाजवाव्यात असा आवेश!

दसऱ्याला मी माझ्या गाडीचे सगळे पाटे हौसेने लाल रंगवले होते. सहज वाकून पाहिलं, तर बबनच्या गाडीखाली काळ्या पाट्यांमध्ये एक लाल. चोर परका असता तर मी गॅरेज डोक्यावर घेतलं असतं. ओळखीच्या चोरापुढे आपलीच जीभ चोरासारखी लपते.

"नवा टाक," मी मेकॅनिकला म्हणालो.

बबनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सापडू दे तो. दोघं मिळून बघू."

तो हात मला झटकता आला नाही.